नाव कुठेही येणार नाही

"गुणात्मक म्हंजे काय वो? कोनाचे गुण पाहाले आली तू?"

आईनं हे चुलीपुढून विचारलं, भाकर थापता थापता. मला वडनेरात उतरून अर्धा तासही झाला नव्हता. बॅग खाली ठेवली, पाणी प्याले, आणि लगेच माझा पेपर आईला समजावून सांगायची पाळी आली. मलाच तो समजला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

"गुण नाई वो पाहाचे. मानसाले मोजाचं नाई, त्याचं ऐकाचं. तो काय करते ते पाहाचं, काय बोलते ते लिवाचं. त्याले गुणात्मक संशोधन म्हनतेत."

"हे तं आनंदाबाई रोज करते नळावर. तिले कोन्या कॉलेजात टाकलं होतं?"

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आत्याबाई फिदीफिदी हसली. मीही हसले. वर्ध्यात नालवाडीच्या खोलीवर मी "जाते, येते, करते" बोलते. हिंगणघाटचा स्टँड आला की आपोआप "जातो, येतो, करतो" सुरू होतं, आणि तेव्हाच घरी आल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर पुढं तुम्हीही माझ्यासारखेच भंजाळाल. आमचं चार एकर वावर आजोबांचं. सातबाऱ्यावर दोन नावं, एक बाबांचं, म्हणजे प्रेमदासचं, आणि एक आत्याबाईचं, तानाबाईचं. ती बाबांची मोठी बहीण. रोहण्याला दिली होती, नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, तेव्हापासून इथंच. मला न्हाऊमाखू तिनं घातलं, शाळेत पहिल्या दिवशी तिनं नेलं. तर दोन वर्षांपासून बाबा तिच्या मागं लागले होते, की बाई, तुझं नाव कमी करून घेऊ, उद्या तुझ्या रोहण्याच्या दीर-पुतण्यांनी दावा लावला तर काय करायचं? हिंगणघाटहून त्यांनी कागदही टाइप करून आणला होता. त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द, संमतीपत्र. आत्याबाई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. "पाहू" म्हणायची आणि कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून वावरात निघून जायची. घरात संमती या शब्दाचा तेवढाच एक अर्थ उरला होता. हे सगळं मी वर्ध्याला असताना झालं. मला कोणी सांगितलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. माणसांचं ऐकायचा पेपर शिकत होते ना मी!

तो पेपर शिकवायच्या माधवी मॅडम. त्यांनी वर्गात सांगितलं होतं, एका व्यक्तीची सखोल मुलाखत घ्या, आठवडाभर तिचं निरीक्षण करा, बुधवारी जमा करा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडं "दिसलं", उजवीकडं "वाटलं". "तुमचं वाटणं दिसण्यात मिसळू देऊ नका," मॅडम म्हणायच्या. "आणि समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा. शांतता भरून काढायची घाई करू नका." पण सगळ्यात आधी समोरच्याची लेखी संमती. त्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मॅडमनी छापील कागदच दिले होते, प्रत्येकीला दोन.

गुरुवारी सकाळी दव वाळल्यावर आम्ही वावरात गेलो. नोव्हेंबरचा शेवट होता आणि आभाळ आजारी माणसासारखं पडून होतं. रविवारी पाऊस म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर आलं होतं. पऱ्हाटी पांढरीफेक फुटलेली. बाबा त्या फुटलेल्या कापसाकडं पाहायचे, मग वर पाहायचे, मग आमच्या हातांकडं. मजूर मिळत नव्हते, जे होते ते गावातल्या दुकानदार ताराचंद शेठच्या हायवेलगतच्या वावरात गेलेले. माझा भाऊ प्रफुल्ल पुण्याला कंपनीत. राहिलो आम्ही चौघं.

वेचायला मला येतं, असं मला वाटत होतं. तासाभरात बोंडांच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघाल्या. आत्याबाईचे दोन्ही हात दोन झाडांवर चालत. डावा हात उजव्याकडं पाहत नव्हता. बोंडातून कापूस असा अलगद ओढायची की एक काडीसुद्धा सोबत यायची नाही. मी मात्र कापसासोबत पाचोळाही ओटीत भरत होते.

"काजल, हे कापूस येचून राह्यली का झाडू मारून राह्यली?" ती म्हणाली.

"आत्याबाई, मले तुही मुलाखत घ्याची हाय."

"घे नं. मी का पळून चालली? पन हात चालव."

दुपारी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली भाकरी सोडल्या. बाबा आणि आई वावराच्या त्या टोकाला होते. मला वाटलं, हीच वेळ. बॅगेतून कागद काढला, घसा साफ केला, आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं वाचायला लागले.

"संमतीपत्र."

आत्याबाईचा मिरची मोडणारा हात थांबला.

"काय म्हनलं?"

"संमतीपत्र. यावर तुही सही पाह्यजे मले."

"तू आनला?"

"मीच आनला. वर्ध्याहून."

तिनं माझ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, पोरगी शिकली म्हणून कौतुकानं पाहतेय.

"वाच," ती म्हणाली.

"‘मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, ही संमती देत आहे. माझे नाव कुठेही येणार नाही, याची मला खात्री देण्यात आली आहे.’"

"कुठीच नाई?"

"कुठीच नाई. पाह्यजे तं शपथ घेतो."

"मंग कोनाचं येईन?"

"तुह्या नावाच्या जागी मी दुसरं नाव टाकतो. तू म्हनशीन ते."

ती वावराकडं पाहत राहिली, पार त्या टोकापर्यंत. मीही गप्प राहिले, मॅडमनी सांगितलं होतं तशी. मग ती म्हणाली, "प्रफुल्लचं टाक."

मला हसूच आलं. "अवो, असं नाई चालत. बाईच्या जागी बाईच पाह्यजे."

"असा नेम हाय?"

"असाच नेम हाय."

"मंग तुहं टाक."

असं उत्तर मॅडमच्या कोणत्याच उदाहरणात नव्हतं. मी खूश होऊन कागदावरच्या "बदललेले नाव" या जागेत लिहिलं, काजल. वहीत डावीकडं लिहिलं, सहभागी व्यक्तीनं संशोधकाचंच नाव निवडलं. उजवीकडं लिहिलं, माझ्यावरचं प्रेम असावं. खरं सांगते, त्या पूर्ण वहीत तेवढं एकच वाक्य बरोबर निघालं, आणि तेही मला न समजता.

"अजून काय हाय त्यात?"

"‘सहभागी व्यक्ती कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकते.’ म्हंजे मन बदललं तं तू मांगं फिरू शकते. काऊन म्हून कोनी इचारनार नाई."

"मी नाई मांगं फिरत," ती म्हणाली. "आन तो पेन."

तिनं आधी हात धुतले. पदराला पुसले. सही ती विहारातल्या रात्रीच्या वर्गात शिकली होती, पन्नाशीत. एकेक अक्षर ओढत गेली. शेवटची ई काढताना जीभ दातात धरली. सही झाल्यावर कागद हातभर लांब धरून पाहिला आणि मला दिला.

मी मोबाइल तिच्यापुढं भाकरीच्या फडक्यावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पहिला प्रश्न विचारला, जो मी तीन दिवस घोकला होता. "आत्याबाई, तुह्या आयुष्यात या वावराचं काय स्थान हाय?"

आता आठवलं तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"आता काय सांगू? होतं," ती म्हणाली.

मी गप्प. तीही गप्प. मग म्हणाली, "रोहण्याहून आलो तवा माह्यापाशी दोन गाठोडे होते. तुह्या आज्यानं मले अथीच आनलं, या बाभळीखाली. म्हने, रडू नको बाई. तो तिकडचा धुरा पाह्य. तथीपरेंत तुह्यं हाय, कोनी उठ म्हननार नाई." एवढं बोलून तिनं फडकं झटकलं, माझा मोबाइल मातीत पडला, आणि ती आपल्या पातीला, म्हणजे कापसाच्या ओळीला लागली. सतरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यातली चौदा मिनिटं नुसता हायवेवरच्या ट्रकचा आवाज.

शुक्रवारी सकाळी ती नव्हती.

आई म्हणाली, विहारात गेली असेल. बाबा म्हणाले, वावरात पुढं गेली असेल. आम्ही वावरात पोचलो, तिथंही नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी पाहत होते तेवढ्यात ताराचंद शेठचा मजुरांचा ऑटो गेला. मागच्या बाजूला पाय खाली सोडून सहा बाया बसल्या होत्या. त्यातली एक आत्याबाई. तिनं मला पाहिलं. हात हलवला नाही.

मी वही काढली. दिसलं: सहभागी व्यक्ती स्वतःचं वावर सोडून दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेली. वाटलं: आणि तिथं माझा पेन थांबला. घरी भांडण झालं नव्हतं. कोणी टाकून बोललं नव्हतं. तिच्या पेटीतलं सामान मात्र गाठोड्यात बांधून ठेवलेलं होतं, ते मी निघताना पाहिलं होतं. मला वाटलं, माझ्याच प्रश्नानं काहीतरी दुखलं असेल. त्यापुढं डोकं चालेना.

दिवसभर आम्ही तिघं वेचत राहिलो. तिचे दोन हात नव्हते तर काम पुढं सरकता सरकेना. संध्याकाळी दिवेलागणीला बाबा ताराचंद शेठच्या दुकानातून चहापत्ती घेऊन आले ते तणतणतच.

"चार लोकात म्हनते तो मले, प्रेमदास, तुही बहीन लय सुंदर येचते गा, उद्याबी धाड! मी धाडलं? मी धाडलं का तिले?"

आत्याबाई तेवढ्यात आलीच. केसांत कापसाचे तंतू, बोटांच्या कडांना रक्त वाळलेलं. पायावर पाणी घेत होती.

"बाई, हे काय लावलं तू?" बाबा म्हणाले. "आपला कापूस फुटून पडला, परवा पानी येनार हाय, अन् तू लोकाच्या वावरात? गावात तोंड दाखवाले जागा नाई ठेवली."

"लोकाच्या नाई तं कोनाच्या जाऊ? माह्यं काय राह्यलं तथी?"

"म्हंजे?"

"देल्ली ना संमती. काल, काजलपाशी. फुकटचं खाऊन पडून राहाची सवय नाई मले. हातपाय चालते तंवर लोकाचं येचीन, अन् तुह्या घरात राहाचं भाडं म्हून भांडे घाशीन." हे ती ओरडून बोलली नाही. पाय पुसले, घागर उचलली आणि नळावर गेली.

बाबा दारातूनच माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडावर जे होतं तो राग नव्हता, आनंद म्हणावा तर तसाही नव्हता. लॉटरी लागल्याचं कोणी सांगितलं आणि तिकीट तर काढलंच नव्हतं, अशा माणसासारखे दिसत होते.

"काय केलं वो तू?"

मी कागदाचं सांगितलं. कॉलेजचा कागद, मुलाखतीसाठी. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं. संमतीपत्र. नाव कुठेही येणार नाही. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अवो माय, या घरात कोनी थो शब्द काढते का?" आणि मग बाबांच्या कागदाची सगळी हकिकत तिनं दोन मिनिटांत सांगितली, दोन वर्षांची.

बाबा खाटेवर बसले. बराच वेळ तळहाताकडं पाहत होते. तळहातालाही बोंडांनी चिरा पडल्या होत्या.

"सांगू नको तिले," ते म्हणाले.

"बाबा!"

"अवो, मन तयार झालं तिचं. दोन वर्स नाई झालं ते झालं. सोमवारी हिंगणघाटले नेतो, सायबापुढं हो म्हनलं का संपलं. मी का तिले घराबाहेर काढून राह्यलो? मरेपरेंत पोसीन. कागद तुहा का माहा, काय फरक पडते?"

फरक पडत होता. फक्त मला ठाऊक होता आणि मी तो तोंडातून काढला नाही. आत्याबाईनं प्रेमदासला दिलं नव्हतं. तिनं मला दिलं होतं. सोमवारी साहेबापुढं ती माझ्यासाठी हो म्हणेल आणि कागदावर बाबांचं नाव असेल. मी काही बोललेच नाही तर बाबा खूश, घर शांत, माझी मुलाखतही जमा. बोलले तर सगळंच उसवणार. आणि एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करते. क्षणभर मला ते दोन एकर दिसले, धुऱ्यापर्यंतचे, माझे. शिकलेल्या माणसाच्या मनातही अशी घूस असते.

शनिवारी सकाळी आई मला म्हणाली, "कुठी चालली?" मी म्हटलं, "निरीक्षणाले." तिनं भाकर बांधून दिली, दोघींची. काही विचारलं नाही.

ताराचंद शेठचं वावर हायवेला लागून. ट्रक गेला की पऱ्हाटी हलायची. आत्याबाई तिसऱ्या पातीत होती. मी ओढणीची ओटी केली आणि तिच्या शेजारच्या झाडाला लागले. बाकीच्या बाया टकामका पाहायला लागल्या.

"तू काऊन आली? तुह्यं वावर तिकडं हाय," ती म्हणाली.

"आत्याबाई, मले बोलाचं हाय."

"बोल. पन हात चालव, मुकादम पाहून राह्यला."

मी बोलले. हात चालवत बोलले, म्हणून बरं झालं, तिच्याकडं पाहावं लागलं नाही. तो कागद वावराचा नाही. कॉलेजचा आहे. तू माझ्याशी बोलशील, एवढीच ती संमती. नाव येणार नाही म्हणजे माझ्या वहीत येणार नाही. म्हणजे कोणाला कळू नये, की हे तानाबाई बोलली.

तिचे हात चालूच होते. एक झाड झालं, दुसरं झालं.

"म्हंजे माह्यं नाव हाय?"

"हाय."

"सातबाऱ्यावर?"

"हाय. जसंच्या तसं हाय."

तिसऱ्या झाडाला ती थांबली. मला वाटलं आता रडेल. ती हसायला लागली. पोट धरून हसली, वाकून हसली, आणि हसता हसता तिनं मुठीतला कापूस माझ्या तोंडावर फेकला. मग एकदम तिचा चेहरा फिरला.

"पोट्टे, दोन दिस मी जेवलो नाई. काल या वावरात येचता येचता एकदा मले वाटलं, इथीच पडून मरावं. माह्या बापानं दाखवलेला धुरा मी देऊन टाकला म्हून. अन् तू म्हनते कॉलेज?"

"चुकलं माह्यं."

"चुकलं म्हनते! लिव नं आता तुह्या वहीत, म्हातारी येडी हाय!"

"येडी मी हाव, आत्याबाई. बाबाचा कागद हाय हेच मले मालूम नव्हतं. मी इचारलंच नाई कोनाले."

ती पुन्हा झाडाला लागली. ते झाड झाल्यावर म्हणाली, "तुह्या बापाच्या कागदात कोनाचं नाव हाय? तुहं?"

"नाई. बाबाचं."

"हं."

"सोमवारी नेनार होते तुले. मले सांगू नको म्हनलं होतं."

"हं," ती पुन्हा म्हणाली. मी तिला चल म्हटलं तर म्हणाली, "अर्धी पात टाकून नाई येत मी." पाऊण वाजेपर्यंत तिनं धरलेली पात पार केली, मुकादमाला सांगितलं, ओटी झटकली, आणि माझ्यापुढं चालायला लागली. मला तिच्या मागं धावावं लागलं.

आमच्या वावरात बाबा आणि आई वेचत होते. पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं होतं, एक दिवस आधीच. वारा सुटला होता. वेचलेल्या कापसाचा ढीग ताडपत्रीवर होता आणि बाबा त्याच्यावर दगड ठेवत होते. आत्याबाईला पाहून उठले. मग मला पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"सांगितलं का तिनं?" ते म्हणाले.

"सांगितलं. प्रेमदास, सोमवारी मी येत नाई."

"बाई, पन तू कबूल झालती. घरात सगळ्यापुढं बोलली तू."

"बोललो. आता माघार घेतली."

"अशी कशी माघार? काही कारन?"

आत्याबाई माझ्याकडं वळली. "काढ वो तो कागद. वाच तुह्या बापाले."

माझ्या बॅगेतच होता. वाऱ्यानं फडफडत होता, दोन्ही हातांनी धरून मी वाचलं, "‘सहभागी व्यक्ती कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकते.’"

"अवो, तो कॉलेजचा कागद हाय!" बाबा ओरडले.

"सही तं माहीच हाय," आत्याबाई म्हणाली. "दोन वर्स तू मले रोज इचारलं, काऊन नाई, काऊन नाई. मले कारन सांगता येत नव्हतं म्हून मी पाहू म्हनत होतो. मले कोनी सांगितलंच नाई का कारन नाई सांगितलं तरी चालते."

त्यांच्याकडं पाहून मला वाईट वाटलं, हेही सांगते. वाईट माणूस नाही माझा बाप. भिणारा माणूस आहे. त्यांनी खाली वाकून ताडपत्रीचं निसटलेलं टोक पकडलं आणि म्हणाले, "बरं. मंग आता येचता का, का उभ्या राहता दोघी?"

आत्याबाई ओटी बांधायला लागली. बांधता बांधता मला म्हणाली, "तुह्याबी कागदातून घेतली माघार. माह्यं बोलनं पूस मोबाइलातून."

"आत्याबाई, बुधवारी जमा कराचं हाय. दुसरं कोनी नाई माह्यापाशी."

"काऊन म्हून कोनी इचारनार नाई, असं तूच म्हनलं होतं."

मी तिच्यापुढं उभी राहून रेकॉर्डिंग काढलं. सतरा मिनिटं. पुसू का म्हणून मोबाइलनं विचारलं, मी हो दाबलं. दोन गाठोडी, बाभळ, आजोबांचा तो धुरा, सगळं गेलं. मॅडमना काय सांगायचं, माझ्या डोक्यात काही येत नव्हतं. वहीतली ती पानंही फाडली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती न पाहता चोळामोळा करून ओटीच्या तळाशी टाकली.

"तो कागदबी दे. सहीचा."

मी दिला. तेवढ्यात माझं लक्ष मधल्या जागेकडं गेलं. बदललेले नाव: काजल. माझंच अक्षर.

"थांब, त्यावर माह्यं नाव हाय. ते खोडून देतो."

मी पेन काढला. तिनं कागद मागं घेतला, चार घड्या केल्या, कमरेच्या पिशवीत घातला आणि नाडी आवळली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "ते मी समजूनच देल्लं होतं."

मी त्या आवळलेल्या नाडीकडं पाहिलं. अंगावर दोन थेंब पडले.

"पाहून काय राह्यली? येच लवकर, भिजते कापूस."